सौम्य हवेतलं बाहेरचं प्लास्टर: कधी करावं, कसं जपावं

जिथे बर्फ पडत नाही, ऊन भाजून काढत नाही आणि पाऊसही बेताचाच, अशा ठिकाणी घर बांधणारा माणूस स्वतःला नशीबवान समजतो. बाहेरच्या गिलाव्याबद्दल विचारलं, की उत्तर ठरलेलं असतं, "इथे काय, बारा महिने केव्हाही करा." यातला अर्धा भाग खरा आहे. सौम्य हवेत काम बारा महिने करता येतं. पण त्यातला कुठलाही दिवस चालतो, हे काही खरं नाही.

कडाक्याची थंडी असते तिथे पाणीच गोठतं, म्हणून काम आपोआप थांबतं. जिथे ऊन पोळतं तिथे गवंडी स्वतःच सावली शोधतो आणि ओल्या भिंतीवर गोणपाट टाकतो. हवामानच दम भरतं, त्यामुळे काळजी घेतली जाते. सौम्य हवेत दम भरणारं कोणी नसतं. दिवस छान आहे, वारा गार आहे, चला लावून टाकू, एवढ्यावर काम सुरू होतं. मी पाहिलेल्या बऱ्याचशा फुटक्या भिंती अशा छान दिवशीच लिंपलेल्या होत्या.

आधी एक गैरसमज दूर करू. प्लास्टर वाळलं की घट्ट झालं, असं आपण बोलून जातो. चिखल वाळून घट्ट होतो. सिमेंटचं तसं नाही. सिमेंटच्या कणांची पाण्याशी रासायनिक क्रिया होते, तिच्यातून सूक्ष्म स्फटिकांचं जाळं तयार होतं आणि ते जाळं वाळूच्या कणांना एकमेकांत बांधून ठेवतं. पाणी या क्रियेत खर्ची पडतं. ते मध्येच उडून गेलं तर क्रिया तिथेच अडते. भिंत वरून कोरडी, टणक, तयार दिसते, पण नखाने खरवडली की वाळू भुरभुर गळते. म्हणून पहिले काही दिवस प्लास्टरला वाळू द्यायचं नसतं. ही क्रिया सुरुवातीला वेगात आणि मग मंदावत कितीतरी आठवडे चालते. सिमेंटची ताकद मोजताना 28 दिवसांचा हिशेब धरतात तो त्यामुळेच.

मग पाणी उडवतं कोण? बहुतेकांचं बोट उन्हाकडे जातं. वाऱ्याचा दोष कोणी धरत नाही, आणि सौम्य हवेतला खरा चोर तोच असतो. बाष्पीभवन चार गोष्टींवर ठरतं: हवेचं तापमान, हवेतली आर्द्रता, वाऱ्याचा वेग आणि खुद्द भिंतीच्या पृष्ठभागाचं तापमान. हवा 20 अंश सेल्सिअस, कोरडी झुळूक चाललेली, भिंतीवर कोवळं ऊन, म्हणजे माणसाला सगळ्यात सुखाचा दिवस. याच दिवशी ओल्या गिलाव्यातलं पाणी 32 अंशांच्या दमट, वारा पडलेल्या दिवसापेक्षा कितीतरी पट वेगाने उडू शकतं. दमट दिवशी आपल्याला घाम येतो, जीव कासावीस होतो, पण प्लास्टर मजेत असतं.

आकड्यात सांगतो. एक चौरस मीटर भिंतीवर 10 मिलिमीटर जाडीचा थर दिला, तर त्या मालात साधारण अडीच-तीन लिटर पाणी असतं. काँक्रीटच्या कामात धोक्याची रेघ मानतात ती ताशी चौरस मीटरला सुमारे एक लिटर बाष्पीभवनाची. म्हणजे दोन-तीन तासांत सगळं पाणी गायब होईल असा वेग. त्यातच मागची वीट कोरडी असेल तर तीही तितक्याच तहानेने पाणी ओढत असते. माल दोन्हीकडून सुकतो, आकसतो, आणि अजून अंगात ताकद आलेली नसल्यामुळे तडकतो.

एका घराची पश्चिमेची भिंत मला अजून डोळ्यांसमोर दिसते. दुपारी तीनला काम संपलं. भिंत इतकी सुबक होती की मी मिस्त्रींना तोंडभर शाबासकी दिली. वारा सुटला होता, आणि मावळतीकडे निघालेलं ऊन थेट त्या भिंतीवर होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याचा फवारा मारला. पाणी पृष्ठभागावरून उडून गेलं आणि भेगांमध्ये तेवढं रेंगाळलं, तेव्हा कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा अख्ख्या भिंतीभर काळ्या उमटल्या. कोरड्या भिंतीवर त्यातली एकही दिसत नव्हती. तेव्हापासून नवी भिंत मी ओली करून, ती सुकत असताना बघतो. भेगा शोधायची याहून सोपी युक्ती मला माहीत नाही.

भिंतीचं घड्याळ

वेळ निवडायची म्हणजे महिना निवडायचा, असं वाटतं. सौम्य हवेत मात्र महिन्याहून तास महत्त्वाचा. साधा नियम असा, की सावलीच्या मागोमाग घराभोवती फिरायचं. पश्चिमेची भिंत सकाळी करावी, पूर्वेची दुपारनंतर. ज्या भिंतीवर दिवसभर ऊन असतं तिच्यासाठी ढगाळ दिवस राखून ठेवावा, नाहीतर परांचीवर कापड किंवा दाट जाळी ताणावी. त्या जाळीने वाराही अडतो, आणि माझ्या मते तोच तिचा मोठा उपयोग.

थंडीच्या दिवसांत हिशेब उलटा होतो. तापमान साधारण 10 अंशांच्या खाली गेलं की सिमेंटची क्रिया फार मंदावते. 5 अंशांच्या आसपास हवा असेल आणि आणखी उतरायची लक्षणं असतील, तर काम हाती घेऊ नये. सौम्य प्रदेशात दुपार 18 अंशांची असली तरी पहाट 5-6 अंशांवर जाऊ शकते, हे दुपारी कोणाच्या ध्यानात राहत नाही. म्हणून थंडीत काम उशिरा सकाळी सुरू करून दुपारीच आवरावं, म्हणजे रात्र पडेपर्यंत थराला सेट व्हायला ऊब मिळते. संध्याकाळी दिव्याच्या उजेडात उरकलेला थर रात्रभर तसाच मऊ राहतो.

दव हा असाच एक दुर्लक्षित पाहुणा. निरभ्र रात्री भिंत आपली उष्णता आकाशाकडे सोडते आणि भोवतीच्या हवेपेक्षाही गार होते. हवेतली वाफ तिच्यावर पाणी होऊन बसते. साध्या ओल्या प्लास्टरला त्याने काही होत नाही, उलट बरंच. पण शेवटचा थर रंगीत असेल तर मालातला मोकळा चुना या पाण्याबरोबर पृष्ठभागावर येतो, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी त्याचा संयोग होतो आणि पांढुरके डाग कायमचे बसतात. समुद्राकाठी पहाटेचं धुकं हेच करतं. रंगीत थर आणि नंतरचा रंग ही दोन्ही कामं सूर्यास्ताच्या किमान दोन-तीन तास आधी संपवावीत. रंगाच्या कामात एक मोजमाप पाळतात: भिंतीचं तापमान, ज्या तापमानाला दव धरतं त्याच्यापेक्षा निदान 3 अंश जास्त असावं.

पावसाबद्दल थोडक्यात. पहिल्या दिवसातला जोराचा पाऊस सिमेंट धुऊन नेतो आणि उघडी वाळू मागे ठेवतो. त्यानंतरची रिमझिम मात्र फुकटचं पाणी मारून देते.

घाई नको अशा जागा

सगळ्यात मोठी चूक बांधकामाच्या क्रमात होते. भिंत उभी राहिली की तिला झाकायची घाई होते. पण नवं घर हलत असतं. छपराचं वजन बसायचं असतं, सिमेंटचे ब्लॉक सुकताना आकसतात, लाकडी सांगाड्याचं घर असेल तर लाकूडही आकसतं. या हालचाली होऊन गेल्यावर बाहेरचा गिलावा करावा. छप्पर पूर्ण, खिडक्या-दारांच्या चौकटी बसलेल्या, भिंतीतून जाणारे पाइप आणि वायरी टाकून झालेल्या, आतली जड कामं आटोपलेली, आणि मग गिलावा. नंतर पाइपासाठी फोडलेलं भोक कितीही नीट बुजवलं तरी पाणी वाट शोधतंच.

थरांचंही तसंच. सांगाड्यावर ठोकलेल्या धातूच्या जाळीवर गिलावा करायची रूढ पद्धत तीन थरांची असते. पहिला सुमारे 10 मिलिमीटरचा, ओला असतानाच आडव्या रेघा ओढून खरबरीत केलेला. दुसरा तेवढाच, भिंत एका पातळीत आणणारा. तिसरा जेमतेम 3 मिलिमीटरचा, दिसण्यासाठी. पहिल्या थराला निदान दोन दिवस ओलं ठेवून मग दुसरा, आणि दुसऱ्यानंतर आठवडाभर थांबून तिसरा. हे आठवडाभराचं थांबणं कामाच्या गडबडीत सगळ्यात आधी कापलं जातं. त्या आठवड्यात दुसऱ्या थराला आकसून, तडकून घेऊ द्यायचं असतं. त्याच्या भेगा मग शेवटच्या थराखाली झाकल्या जातात. थांबला नाहीत तर त्याच भेगा तिसऱ्या थरातून वर येतात, आणि सगळे जण रंगाला दोष देतात.

वरचा थर खालच्यापेक्षा कधीही जास्त कडक नसावा. सिमेंट वाढवलं की भिंत मजबूत होते ही समजूत फार पसरली आहे, आणि तिने बरंच नुकसान केलं आहे. जास्त सिमेंटचा माल जास्त आकसतो. आतला थर मऊ आणि वरचा कडक असेल तर वरचा आकसताना आतल्याला सोडून देतो आणि मध्ये पोकळी राहते. बाहेरच्या भिंतीसाठी एक भाग सिमेंट, एक भाग चुना, सहा भाग वाळू असा माल मला आवडतो. चुन्यामुळे तो थापीवर लोण्यासारखा पसरतो, आणि थोडी हालचाल सोसतो.

वाळूची परीक्षा कोणालाही करता येते. उभ्या पारदर्शक बाटलीत अर्ध्यापर्यंत वाळू भरा, पाणी घाला, चिमूटभर मीठ टाका, जोरात हलवा आणि दोन-तीन तास ठेवून द्या. खाली वाळू बसेल, तिच्यावर गाळाचा मऊ थर दिसेल. तो थर वाळूच्या उंचीच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास गेला, तर ती वाळू धुतल्याशिवाय वापरू नका. गाळ पाणी जास्त मागतो आणि सुकताना तेवढाच जास्त आकसतो.

भिंत ओली करायची ती माल लावण्याआधी, आणि नेमकी. भिंत पाण्याने चमकत असेल तर माल घसरतो, अगदी कोरडी असेल तर मालातलं पाणी पिऊन टाकते. तळहात टेकवल्यावर गार लागावं पण हाताला पाणी लागू नये, अशी भिंत हवी. पृष्ठभाग घोटायचा रंधा कधी मारायचा, तेही हातच सांगतो. अंगठा दाबल्यावर ठसा उमटावा पण अंगठा रुतू नये. त्याआधी रंधा मारला तर पाणी आणि बारीक सिमेंट पृष्ठभागावर येऊन साय धरते, आणि ती साय जाळीदार तडकते. उशीर झाला की वाळूचे दाणे ओढले जाऊन भिंत ओरखडते. मिस्त्री वरून पाणी शिंपडून तो उशीर भरून काढायला बघतात, पण त्याने वरचा पापुद्रा कच्चा राहतो.

काम संपल्यावर पाणी मारायचं ते बारीक फवाऱ्याने, पाइपाच्या धारेने नव्हे. सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं की झालं, असं बहुतेकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. पण वाऱ्याच्या दिवशी सकाळची ओल अकरापर्यंतही टिकत नाही. दुपारी एकदा भिंतीला हात लावून बघा. रंग फिका पडू लागला असेल तर तेव्हाच फवारा हवा. ओली-कोरडी, ओली-कोरडी होत राहिलेली भिंत सतत ओल्या भिंतीपेक्षा जास्त तडकते.

मोठ्या सलग भिंतीला सांधे द्यावे लागतात. लाकडी किंवा लोखंडी सांगाड्यावर जाळी ठोकून केलेल्या गिलाव्यात एक सलग तुकडा साधारण 13 चौरस मीटरपेक्षा मोठा ठेवत नाहीत, आणि कुठल्याही दिशेने 5.5 मीटरपेक्षा लांबही नाही. आकसणाऱ्या गिलाव्याला कुठेतरी फाटायचंच असतं. सांधा म्हणजे ती जागा आपणच आखून देणं. सरळ रेषेतला सांधा दिसायला वाईट दिसतो म्हणून टाळणाऱ्यांच्या भिंतीवर पुढे वेडीवाकडी रेष येते.

गिलावा म्हणजे छत्री नव्हे, घोंगडी

जपणुकीकडे वळण्याआधी हे समजून घ्यायला हवं. बाहेरचं प्लास्टर जलरोधक नसतं. घोंगडीसारखं ते थोडं पाणी पितं, अंगातच धरून ठेवतं आणि हवा सुटली की बाहेर सोडतं. चांगली भिंत म्हणजे जितकं पितं तितकं सोडू शकणारी भिंत. बिघाड दोनच कारणांनी होतो: पाणी जास्त शिरतं, किंवा बाहेर पडायची वाट बंद होते. दुसरं कारण बहुतेक वेळा घराच्या मालकाने हौसेने निर्माण केलेलं असतं.

सौम्य हवेतली भिंत हळूहळू बिघडते. पाणी गोठून फुगत नाही, त्यामुळे एका हिवाळ्यात ढलपा उडाला असं होत नाही. ओल आत वर्षानुवर्षं मुरते, जाळी गंजते, लाकूड कुजतं, आणि बाहेरून भिंत ठीकच दिसते. म्हणून तारीख आपणच ठरवायची. पावसाळी दिवस सुरू व्हायच्या महिनाभर आधी एक फेरी, संपल्यावर एक.

फेरीची सुरुवात भिंतीपासून करू नका. आधी पन्हळ बघा, तुंबलंय का. छज्जाच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच असते, ती रंगाने किंवा कोळिष्टकांनी भरली असेल तर पाणी कडेवरून न ठिबकता मागे वळतं आणि भिंतीवर उतरतं. खिडकीखाली मिशांसारखे दोन काळे ओघळ दिसले तर खिडकीच्या उंबऱ्याचा उतार तपासा. बागेतला फवारा भिंतीवर उडत असेल तर तो आधी वळवा. रोज थोडं थोडं भिजणं हे वर्षातल्या चार वादळांपेक्षा वाईट.

मग खाली वाका. सांगाड्यावरचा गिलावा जमिनीपासून निदान 100 मिलिमीटर वर, आणि फरशीपासून 50 मिलिमीटर वर संपायला हवा. बागेत माती घालत घालत दहा वर्षांत ही जागा बुजून जाते. गिलाव्याच्या खालच्या कडेला एक धातूची पट्टी आणि बारीक फट असते. आत शिरलेलं पाणी तिथून बाहेर पडतं. ती फट उघडी दिसते म्हणून कोणीतरी मेहनतीने सीलंटने भरून टाकतं. कृपा करून असं करू नका. खिडकीच्या भोवतीची फट भरायची, तळाची मोकळी ठेवायची.

आता भिंत. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने हलके टकटक करत चला. भरीव जागी आवाज टणक, आखूड येतो. जिथे गिलावा सुटलेला असतो तिथे तो भदभद, मडक्यासारखा पोकळ वाजतो. एखादी हाताएवढी पोकळ जागा वर्षानुवर्षं तशीच राहू शकते. खडूने तिची कड आखून ठेवा आणि पुढच्या फेरीत वाढली का बघा.

भेगांना घाबरू नये, पण त्या वाचायला शिकावं. केसासारख्या, कुठेही न जाणाऱ्या भेगा आकसल्याच्या असतात, त्यांनी फारसं बिघडत नाही. चुना असलेल्या गिलाव्यात तर पावसाचं पाणी विरघळलेला चुना भेगेत नेऊन पुन्हा बसवतं, आणि अगदी बारीक भेगा आपल्या आपण बुजतात. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग सांगते, की तिथे ताण साचलाय आणि कोपऱ्यावर जाळीची जादा पट्टी लावलेली नव्हती. मजल्याच्या पातळीवरची लांब आडवी भेग म्हणजे दोन वेगळ्या वस्तूंचा, काँक्रीट आणि विटेचा, जोड. विटांच्या सांध्यांनुसार पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारी भेग पायाकडे बोट दाखवते. तिच्यावर लिंपण घालण्याआधी जाणकाराला बोलवा. कुठल्याही संशयित भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी खूण करून तारीख लिहा. सहा महिन्यांनी भेग खुणेच्या पुढे गेली असेल तर ती जिवंत आहे.

पांढरे क्षार फुटून भिंतीला लोणा लागला, तर पहिला मोह होतो तो धुवायचा. धुतल्याने क्षार विरघळून परत आत जातात. कोरड्या ब्रशने झाडून काढा आणि ओल कुठून येतेय ते शोधा. सावलीच्या बाजूला हिरवं शेवाळ धरतं, तिथे मऊ ब्रश आणि हलकं पाणी पुरतं. भिंत खालून वर भिजवत जावं म्हणजे मळक्या पाण्याचे ओघळ कोरड्या भागावर उमटत नाहीत. जोराच्या धारेचं यंत्र मी कोणालाच सुचवत नाही, ते शेवाळाबरोबर वरचा थरही नेतं आणि भेगांत पाणी ठासतं.

रंगाचं कळकळीने सांगतो. ताज्या सिमेंटची अल्कली फार तीव्र असते, पीएच 12 च्या वर. साधा रंग तिच्यापुढे टिकत नाही, फिका पडतो, सोलतो. म्हणून साधारण महिनाभर थांबावं. आणि रंग श्वास घेणारा हवा. रबरासारखा जाड पापुद्रा देणारे रंग भेगा झाकतात म्हणून लोकप्रिय आहेत, पण आतली वाफ अडली की त्यांना पाण्याचे फोड येतात. खनिज सिलिकेट रंग, ज्यांचं पेटंट जर्मनीत आडॉल्फ विल्हेल्म काइम यांनी 1878 मध्ये घेतलं, पापुद्रा न धरता गिलाव्याशीच रासायनिक बांधले जातात आणि वाफ जाऊ देतात. त्यांना उघडी खनिज भिंत लागते, म्हणजे रंग न दिलेला सिमेंट-चुन्याचा गिलावा. आधीच्या प्लास्टिक रंगावर ते चालत नाहीत.

घर फार जुनं असेल तर दुरुस्तीआधी गिलावा कशाचा आहे ते पाहा. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट जोसेफ ॲस्पडिन यांनी 1824 मध्ये घेतलं आणि ते सर्वत्र पोचायला पुढे कित्येक दशकं लागली. त्याआधीच्या भिंती बहुधा चुन्याच्या. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कडक होतो, अतिशय सावकाश, ढोबळमानाने महिन्याला एक मिलिमीटर. अशा मऊ भिंतीत सिमेंटचं ठिगळ लावलं तर काही वर्षांत ठिगळ शाबूत राहतं आणि त्याच्या कडेची जुनी भिंत ढासळते. चुन्याला चुनाच लावावा.

ठिगळ लावताना सैल भाग पक्क्या कडेपर्यंत काढा, आणि आतल्या बाजूला थोडा जास्त कापा म्हणजे नवा माल खाचेत अडकून बसेल. कड ओली करा, माल थरांनी भरा, एका दमात नको. जुन्या मालाच्या जवळचाच माल कालवा. कालवल्यापासून दीड तासात संपेल एवढाच. दीड तासानंतर पाणी घालून सैल केलेला माल दिसतो ताजा, पण त्याची बांधणी मोडलेली असते. ठिगळावर ओलं गोणपाट लावून आठवडाभर ते वाळू देऊ नका. ठिगळाचा रंग भोवतीच्या भिंतीशी जुळणार नाही, त्यामुळे पुढे रंग द्यायचा तो एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंतीला. पण त्याला अजून महिना आहे. तोवर ते करडं चौकोनी ठिगळ तसंच दिसू द्या, आणि खडूने त्याच्या कडेला आजची तारीख लिहून ठेवा.